नशा करणाऱ्याची खबर पोलिसांना द्यावीच लागते?

'नशा करणारा समोर आला की व्यसनमुक्ती केंद्रातल्या कर्मचाऱ्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाहीतर तोही आरोपी', असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. पण कुणी नशा करतो हे ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या जागेत अमली पदार्थांची विक्री जाणूनबुजून चालू देणं वेगळं. कायद्याचा रोख सहसा दुसऱ्या गोष्टीवर असतो. पहिली बहुतेक ठिकाणी रुग्णाची गोपनीय माहिती ठरते. ती फोडली तर उलट तेच अंगाशी येऊ शकतं. अपवाद आहेतच: लहान मुलाला धोका, न्यायालयाचा आदेश.

पडताळायचंय? अमली पदार्थविरोधी कायद्यात जागा वापरू देण्याबद्दलचं कलम काढा, 'जाणूनबुजून' अशा अर्थाचा शब्द आहे का बघा. मग केंद्राचं गोपनीयतेचं धोरण मागा, लेखी.