तर्री इन्क्लूड की एक्स्टेंड?

आमचा एक मित्र नागपूरच्या आयटी पार्कजवळच्या पोह्याच्या ठेल्यासाठी छोटं ऑर्डरचं अ‍ॅप बनवून राहिला आहे. त्याने यूज केस डायग्राम पाठवला आणि विचारलं, बाण बरोबर आहेत का बे? मी बघितलं तर अर्धे उलटे. त्याला हसलो नाही, कारण इंजिनिअरिंगच्या व्हायवात माझेही उलटेच होते.

यूज केस म्हणजे सिस्टिम वापरून माणूस जे एक काम तडीस नेतो ते. काढताना वापरणाऱ्यासाठी काडीचा माणूस आणि कामांसाठी अंडाकृती गोळे. ही कल्पना इव्हार जेकबसनची, तो स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या कामात होता तेव्हाची, आणि 1997 मध्ये यूएमएल, म्हणजे सॉफ्टवेअरचे आराखडे काढायची चित्रभाषा, स्टँडर्ड झालं त्यात ती आली. गोळे काढणं सोपं आहे, डोकं खातात ते गोळ्यांमधले बाण.

आता ठेल्यावर या. 'पोहे ऑर्डर करणे' हा एक गोळा, 'पार्टीची ऑर्डर बुक करणे' दुसरा. दोन्हीत पैसे द्यावेच लागतात, मग ते दोनदा कशाला लिहायचं, 'पैसे देणे' वेगळा गोळा काढा आणि दोन्हीकडून त्याच्याकडे तुटक बाण, वर लिहा इन्क्लूड. ऑर्डरला पेमेंट माहीत आहे, त्याच्याशिवाय ती अर्धवट आहे, म्हणून बाण ऑर्डरकडून पेमेंटकडे.

आणि 'कूपन लावणे'? ते कधी असतं कधी नसतं, नसलं तरी ऑर्डर पूर्ण होते. हे एक्स्टेंड. इथे बाण कूपनकडून ऑर्डरकडे जातो, आणि इथेच सगळे फसतात, कारण आपल्याला वाटतं ऑर्डर करता करता कूपनकडे वळलो म्हणजे बाणही तिकडेच. पण बाण कामाचा क्रम दाखवतच नाही ना, तो कोण कोणावर अवलंबून आहे ते दाखवतो. ऑर्डरच्या गोळ्याला कूपनचा पत्ताच नाही, तिने फक्त 'बिल करताना' अशी एक जागा मोकळी ठेवली आहे, तिला एक्स्टेन्शन पॉइंट म्हणतात, आणि कूपन येऊन तिथे चिकटतं. उद्या कूपन बंद केलं तर ऑर्डरचं वर्णन जसंच्या तसं राहतं.

तिसरं नातं जनरलायझेशन, 'यूपीआयने देणे' आणि 'रोख देणे' हे 'पैसे देणे'चेच प्रकार, अखंड रेघ आणि पोकळ त्रिकोण 'पैसे देणे'कडे. सीनिअरच्या जुन्या नोट्समध्ये 'यूजेस' दिसलं तर घाबरू नका, यूएमएलच्या 1.3 व्हर्जनच्या आधी इन्क्लूडच्या जागी तेच होतं.

स्टारयूएमएलसारख्या डायग्राम काढायच्या टूलमध्ये जिथून माऊस ओढायला सुरुवात केली तिथे बाणाची शेपटी, सोडला तिथे टोक. उलटं ओढलं तरी टूल काही बोलत नाही, दोन्ही टोकांना यूज केसच आहेत ना, त्याच्या दृष्टीने नियम पाळला गेला. अर्थ आपणच बघायचा. आणि बाप्पा, 'कांदा चिरणे'चा गोळा काढू नका, गिऱ्हाईक त्यासाठी अ‍ॅप उघडत नाही, मित्राने काढला होता.

खरं भांडण तर्रीवर झालं. पुण्याहून आलेला सहकारी म्हणे ते एक्स्टेंड, हवी त्याने घ्यावी. मित्र भडकला, तर्रीशिवाय पोहे असतात काय? मला दोघंही बरोबर वाटले, कारण हे टूल ठरवत नाही, यूएमएलही ठरवत नाही, धंदा ठरवतो. म्हणून ठेलेवाल्या भाऊलाच विचारलं.

"तर्री मागाले लागते काय जी?"

"काहून मागतील? टाकूनच देतो."

"आणि संपली तर?"

"तर दुकान बंद."

मित्राने तिथेच लॅपटॉप उघडून इन्क्लूड लिहिलं.