चौकटीतली चार घरे आणि घरातली चार मुले

आईवडिलांकडून मुलात कोणती जनुके येऊ शकतात हे दाखवणारी पनेटची चौकट कशी भरायची, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना येते: वर आईची युग्मके (बीजपेशी), डावीकडे वडिलांची आणि आतल्या चार घरांत त्यांच्या जोड्या. प्रभावी आणि अप्रभावी जनुकांतला फरकही सहसा कोणी चुकत नाही. घोळ होतो तो चौकट भरून झाल्यावर, ती वाचताना. चार घरे म्हणजे जन्माला येणारी चार मुले असे धरले जाते. वास्तविक त्या एकाच मुलाच्या चार सारख्या शक्यता असतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हा घोळ परीक्षेतल्या गुणांपुरता राहत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरातला प्रश्न आहे. 'ए' हे निरोगी जनुक आणि 'एस' हे आजाराचे. नवरा-बायको दोघेही वाहक, म्हणजे एकच 'एस' जनुक असलेले पण स्वतः आजारी नसलेले, आणि दोघांचाही अहवाल 'एएस' असला, तर चौकटीत एक घर 'एए' म्हणजे निरोगी, दोन घरे 'एएस' म्हणजे वाहक आणि एक घर 'एसएस' म्हणजे पीडित असे निघते. ही चौकट समजावून सांगितल्यावर सुरगाण्याकडच्या एका आईने मला विचारले होते, "पहिल्यालाच निघाला ना ताई, मग आता पुढच्यांना भीती नाही ना?" तिचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, कारण 'चार मुलांपैकी एकाला होतो' हेच वाक्य तिला आधी कोणीतरी सांगितलेले होते. हे वाक्य सल्ला देणाऱ्यांनी कायमचे टाकून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाहक पुरुषाच्या कोट्यवधी शुक्रपेशींपैकी साधारण निम्म्यांत 'ए' जनुक असते आणि निम्म्यांत 'एस'. वाहक स्त्रीच्या प्रत्येक बीजांडातही 'एस' येण्याची शक्यता निम्मीच असते. गर्भधारणा होते तेव्हा दोन्हीकडून एकेक पेशी येते, आणि आधीच्या मुलाच्या वाट्याला काय आले होते याचा त्या पेशींना पत्ताही नसतो. म्हणून पहिले मूल पीडित असो वा निरोगी, दुसऱ्याच्या वेळी धोका २५ टक्केच, तिसऱ्याच्या वेळीही २५ टक्केच.

खरोखर चार मुले असलेली वाहक जोडपी घेतली, तर नेमके एकच मूल पीडित असण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी भरते. एकही मूल पीडित नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते आणि दोन किंवा अधिक मुले पीडित असण्याची सुमारे २६ टक्के. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. पण ते प्रमाण हजारो दाण्यांच्या मोजणीतून दिसले. दोन-तीन मुलांच्या कुटुंबात तेच प्रमाण शोधणे व्यर्थ आहे.

डोळ्यांचा रंग किंवा उंची यांची चौकट मांडून बाळाचे भाकीत करणाऱ्या चित्रांचा मला मनस्वी राग आहे. या गुणांमागे अनेक जनुके असतात, उंचीवर तर आहाराचाही परिणाम होतो. चार घरांत ते मावत नाहीत. सिकलसेल मात्र एकाच जनुकातल्या बदलाने होतो, म्हणून चौकट शिकवायला मी नेहमी तोच घेते.

चौकट नीट वाचता आली की आणखी एक प्रश्न सुटतो. पीडित मुलाचा भाऊ किंवा बहीण निरोगी दिसत असेल, तर तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण निम्मी म्हणतात. परंतु तो पीडित नाही हे ठाऊक असल्यामुळे 'एसएस'चे घर आधीच खोडावे लागते. उरलेल्या तीन घरांपैकी दोन 'एएस' असतात, म्हणून उत्तर दोन-तृतीयांश येते. अशा भावंडांची रक्ततपासणी लग्न ठरण्याआधी व्हायलाच हवी. त्यांची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावर थांबू नये, कारण त्या चाचणीत वाहक आणि पीडित वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. जोडीदाराचा अहवाल 'एए' असेल, तर चौकटीत 'एसएस'चे घर येतच नाही.