पालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचं काम: अर्ज कुठे अडतो?

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय 2006 पासून आहे. पालिका हद्दीतला कुणीही रहिवासी अर्ज करू शकतो, सोसायटीतला असो की वस्तीतला. कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी-चिंचवडकरांसाठी पुणे पालिकेची ही सोय नाही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, भरून तिथे देता येतो.

खरी अडचण जागेची. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पालिका पैसा घालत नाही. ले-आउटमधला रस्ता 'सार्वजनिक' वाटतो, पण तो पालिकेकडे हस्तांतरित झाला नसेल तर अर्ज बाद. हस्तांतराचा कागद बहुतेक सोसायट्यांकडे नसतोच, बिल्डरने दिलेलाच नसतो. म्हणून अर्जाआधी कनिष्ठ अभियंत्याला गाठून 'हा रस्ता पालिकेच्या ताब्यात आहे का' एवढं विचारून घ्या. कालव्याकाठचं काम असेल तर जागा जलसंपदा विभागाची. 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला तेव्हा जबाबदारीची टोलवाटोलवी सगळ्यांनी पाहिली. तुमच्या अर्जाचं वेगळं काही होणार नाही.

दुसरी अडचण रकमेची. एका कामाला 5 लाखांची मर्यादा चालत आली आहे. यंदाचा आकडा जाहीर सूचनेत बघा. सप्टेंबर 2019 च्या पुरानंतर आंबिल ओढ्याकाठच्या लोकांना सीमाभिंत हवी असणं रास्तच, पण ती या रकमेत बसत नाही. त्यासाठी मलनिस्सारण विभागाला वेगळं पत्र द्या. इथे मागा ते पावसाळी गटारावरच्या तुटलेल्या जाळ्या, खचलेले चेंबर, बाहेर पडायच्या बोळात दिवे. पाणी कमी दाबाने येतं, कचरा उचलत नाहीत, या तक्रारी झाल्या, कामं नव्हेत.

'आमच्या भागातील पदपथ सुधारावा' असं लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही. 'शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, डावी बाजू, अंदाजे 60 मीटर, फरशा उखडलेल्या' असं लिहा. फोटो जोडा, त्यात ओळखता येईल अशी खूण दिसू द्या. प्रभाग क्रमांक आताचाच टाका. 2025 मध्ये प्रभागरचना बदलली आहे, जुन्या क्रमांकाचा अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते आणि ती पुढच्या आर्थिक वर्षासाठी असते. सप्टेंबरात अर्ज देऊन दिवाळीत फरशी बसेल अशी आशा धरू नका. 1 एप्रिलनंतर निधी, मग निविदा, मग काम. 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर तरतूद वाया जाते. हा घोळ दरवर्षीचा, आणि त्याचं उत्तर कुणीच देत नाही.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'नंतर या' म्हणाले तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागा. अंदाजपत्रक छापून आलं की त्यात कामाचं नाव शोधा. नसेल तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात नाकारण्याचं कारण लेखी मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर पहिलं अपील. त्या उत्तरात बहुधा 'जागा ताब्यात नाही' किंवा 'मर्यादेबाहेर' असं सापडेल. मग पुढच्या वर्षीच्या अर्जात तेवढंच दुरुस्त करायचं.