कृषी हेलिकॉप्टरमधील इंधन-व्यवस्थापन (मराठवाड्याच्या संदर्भात)

फवारणीच्या हेलिकॉप्टरने किती इंधन घेऊन उडावे, ते कुठे व कसे भरावे आणि कोणत्या क्षणी काम सोडून उतरावे, याची शिस्त. मराठवाड्यात कापूस, सोयाबीन, तुरीवरची फवारणी पाठीवरच्या पंपाने, ट्रॅक्टरने आणि अलीकडे ड्रोनने होते; हेलिकॉप्टर इथे अपवादच. २०२० च्या टोळधाडीत राजस्थानात बेल २०६ जातीचे हेलिकॉप्टर वापरले गेले. एका फेरीत २५० लिटर कीटकनाशक नेण्याची त्याची क्षमता होती. पुढचा हिशेब याच जातीचा आहे.

हे यंत्र तासाला साधारण १०० लिटर जेट इंधन जाळते. एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलो, म्हणजे अर्ध्या तासाचे इंधन ४० किलो. तेवढे कमी भरले की जवळपास ४० लिटर औषध जास्त उचलता येते, फेऱ्या वाचतात. धोक्याचे मूळ या मोहात आहे. हवामान तो वाढवते: छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर असले, तरी ऑगस्टच्या उघडिपीत ३२ अंश तापमानाला तिथली हवा १,३०० मीटरपेक्षा उंचावरच्या हवेइतकी विरळ होते. उचल घटते, आणि काटछाट इंधनात करावीशी वाटते.

ती करू नये. इंधन संपून इंजिन बंद पडल्यावर फिरत्या पात्यांच्या जोरावर सुखरूप उतरायला उंची तरी हवी किंवा वेग तरी. पिकाच्या डोक्यावरून दोन-चार मीटरवर उडताना उंची नसतेच, आणि पिकाच्या ओळीच्या टोकाला वळताना वेगही गेलेला असतो. समोर धुरे, बाभळी, विहिरी, कृषिपंपांच्या तारा. वळणात टाकीतले इंधन हिंदकळू शकते, त्यामुळे इंधनाचा काटा फसवतो. भरवसा घड्याळावर आणि टाकीतल्या प्रत्यक्ष मापावर ठेवावा. अमेरिकी नियमांत दिवसाच्या दृश्य उड्डाणासाठी (बाहेर डोळ्यांनी पाहत केलेल्या) हेलिकॉप्टरला २० मिनिटांचा राखीव साठा सांगितला आहे. फवारणीत तो किमान मानावा आणि औषध शिल्लक असले तरी त्याला हात लावू नये.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून परभणीचे हवाई अंतर सुमारे १५५ किमी. जाण्यायेण्यातच दीड तास आणि दीडशे लिटर जातात, म्हणून इंधन रस्त्याने शेताजवळ आणावे लागते. उभ्या पिंपाच्या झाकणाभोवती पावसाचे पाणी साचते आणि रात्री पिंप गार झाले की आत ओढले जाते. पिंप आडवे ठेवावे, इंधन गाळून भरावे, आणि उडण्यापूर्वी टाकीच्या तळाचा नमुना काचेच्या बरणीत काढून पाहावा. पाणी असेल तर खाली वेगळे दिसते. भरण्याआधी पिंप, पंप आणि हेलिकॉप्टर तारेने जोडावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. औषधाची बादली किंवा नरसाळे इंधनाला कधीच वापरू नये. रॉबिन्सन आर४४ सारख्या पिस्टन इंजिनाला निळसर विमान-पेट्रोल लागते. त्यात जेट इंधन गेले तर इंजिन हवेत बंद पडू शकते. म्हणून भरणाऱ्याने पिंपावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि वैमानिकाने ते स्वतः उभे राहून ऐकावे.