प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या : छंदामागचा डायचा हिशेब

‘एवढ्याशा प्लास्टिकला चार हजार?’ साताऱ्यात कुणी १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) जपानी मॉडेल गाडीचं खोकं घरी आणलं की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तही आहे. खोक्यात निघतं काय, तर चौकटींना लटकलेले सुटे भाग, चार टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची डिकल्स आणि जोडणीचा घडीचा कागद. गाडी जोडायची आपण, रंगवायची आपण, आणि एवढं करून ती शोकेसमध्येच राहणार.

याचं उत्तर एमआयडीसीत कुणीही देईल. प्लास्टिकचा दाणा स्वस्त असतो, महाग असते ती डाय, म्हणजे तो ज्यात ओतून भाग घडतात तो पोलादी साचा. साताऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथल्या महाराष्ट्र स्कूटर्समधून एकेकाळी ‘प्रिया’ बाहेर पडायची. पुढे स्कूटर बंद झाली आणि तीच कंपनी प्रेशर डाय-कास्टिंगच्या डाय, जिग आणि फिक्स्चर बनवू लागली. पोलादात एक आकार उलटा कोरायला टूलरूमचे किती महिने जातात, हे माहीत असलेली घरं या गावात बरीच आहेत. मॉडेल गाडीच्या दरवाजाच्या फटीपासून डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत सगळं आधी असंच उलटं कोरावं लागतं. या छंदाचा इतिहास हा मुख्यतः तो खर्च कुणी आणि कसा वसूल केला याचाच इतिहास आहे, असं माझं मत आहे.

सुरुवात गाड्यांनी नव्हे, विमानांनी झाली. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावानं १:७२ मापाचे विमानांचे किट, म्हणजे घरी जोडायचे सुट्या भागांचे संच, आले, सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे. त्याआधी मॉडेल म्हणजे लाकूड कोरणं. युद्धानंतर एअरफिक्स या कंपनीनं, जी तोवर फुगवायची रबरी खेळणी आणि कंगवे विकत होती, १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल काढलं. ते दुकानासाठी नव्हतंच. ट्रॅक्टरच्या विक्री-प्रतिनिधींनी गिऱ्हाइकांना दाखवायला ते हवं होतं. जोडण्यात फार वेळ जातो म्हणून पुढे तेच भाग सुटे विकायला काढले. डाय जाहिरातीच्या निमित्तानं कापलेली, तिच्यावर नंतर कमाई छंदाची.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एएमटी ही डेट्रॉइट भागातली कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली. नव्या वर्षाची फोर्ड बाजारात आली की तिची हुबेहूब छोटी प्रत बनवून ती डीलरकडे पुरवायची, हा तिचा धंदा. डीलर ती गिऱ्हाइकाच्या मुलाला द्यायचा. सुरुवातीला ही मॉडेलं अ‍ॅल्युमिनियमची होती, मग अ‍ॅसिटेटची आली. अ‍ॅसिटेटची खोड अशी की काही वर्षांत ते आकसतं आणि वाकतं. जुन्या संग्रहांतल्या त्या काळच्या गाड्या आज टपाला बाक आलेल्या दिसतात. १९६० च्या आसपास सगळे पॉलिस्टायरिन या प्लास्टिकवर आले, आणि आजही किट त्याचेच असतात.

खरी उडी १९५८ ची. त्या वर्षी एएमटीनं जाहिरातीच्या त्याच डाय वापरून गाडी सुट्या भागांत विकायला काढली, आणि खोक्यात जास्तीचे भाग भरले. एकाच किटमधून तीनपैकी कुठलीही गाडी करा : कारखान्यातून येते तशी, सजवलेली, किंवा शर्यतीची. बॉडीची डाय तीच. वेगळी जाळी, वेगळी चाकं, टेलफिन, शर्यतीचं इंजिन असल्या बारक्या भागांची एखादी जादा डाय केली की एका किटची तीन मॉडेलं. आज ‘कस्टमायझिंग’, म्हणजे गाडी आपल्या मनासारखी बदलून घेणं, ही बंडखोर पोरांची कला म्हणून सांगितली जाते. ती रस्त्यावर होतीही. कॅलिफोर्नियात खऱ्या गाड्यांची टपं कापून खाली आणणं, बॉडी फ्रेमवरून खाली उतरवणं हे युद्धानंतर जोरात चालू होतं, आणि जॉर्ज बॅरिससारख्या कारागिरांना किट कंपन्यांनी पुढे कामालाही लावलं. पण ती कला घराघरांतल्या टेबलावर पोचली ती कुणाच्या तरी हिशेबातून. एका डायचे पैसे तीनदा वसूल करण्याच्या या युक्तीला मी तरी रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीच्या सगळ्या देखण्या खोक्यांपेक्षा जास्त मान देईन.

मापांचा गोंधळही याच काळातला. अमेरिकन कंपन्या १:२५ वर राहिल्या. इतरत्र, मुख्यतः जपानमध्ये, १:२४ रूढ झालं, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. फरक चार टक्क्यांचा, पण एका किटचं चाक दुसऱ्याच्या मडगार्डखाली बसवताना तो बरोबर नडतो. आपल्याकडच्या गाड्यांत बोलायचं तर १:२४ ला मारुती ८०० साधारण १४ सेंटिमीटर होते, अ‍ॅम्बेसेडर १८.

डायचं एक वैशिष्ट्य असं की ती कंपनीपेक्षा जास्त जगते. एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली, तिच्या डाय फ्रान्सला गेल्या, मग हम्ब्रोलकडे, आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे. एएमटीही १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नेनं घेतली, आणि लेस्ने बुडाल्यावर अर्टलकडे गेली. म्हणून साठच्या दशकातला किट आज नव्या खोक्यात, नव्या नावानं मिळू शकतो. उलटही होतं. त्या काळी पुढच्या वर्षीच्या मॉडेलसाठी किंवा शर्यतीच्या गाडीसाठी जुनीच डाय पुन्हा कापायचे. तशी कापलेली बॉडी परत कधीच येत नाही. जुन्या न जोडलेल्या किटना लिलावात भाव येतो त्याचं एक मोठं कारण हे.

जपानमध्ये शिझुओकाची टामिया ही मुळात लाकडाची वखार, १९४६ ची. तिचा पहिला प्लास्टिक किट १९६० चा, ‘यामातो’ युद्धनौका. तो पडला, कारण दुसऱ्या कंपनीनं तीच नौका स्वस्तात विकली. बाहेरच्या डायवाल्यांवर विसंबून भागत नाही हे कळल्यावर टामियानं स्वतःचा डाय विभाग उभा केला, आणि तिच्या भागांची जी जुळणी आज वाखाणली जाते तिचं मूळ तिथे आहे. १९७६ चं उदाहरण तर नामी आहे. पोर्शे ९३४ चा १:१२ किट करायला कंपनीच्या शुन्साकु टामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलायला लावली. एवढा खर्च एका किटमधून निघेना, म्हणून त्याच गाडीचं रेडिओवर चालणारं मॉडेल काढलं. टामियाच्या रिमोट गाड्यांचा सगळा व्याप तिथून सुरू झाला.

भारतात हे सगळं उशिरा आणि तुटक पोचलं. परदेशी खेळणी अनेक वर्षं आयातबंदीत होती. कुणाचा काका आखातातून आला तर त्याच्या बॅगेतून एखादा किट यायचा, तेवढंच. आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. मग पुण्या-मुंबईच्या दुकानांत खोकी दिसू लागली, आणि ऑनलाइन खरेदी आल्यावर सातारा, कराडला कुरिअर. २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. सीमाशुल्काच्या यादीत बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि मोठ्यांचे हे किट एकाच ९५०३ क्रमांकाखाली बसतात. चार हजारांचं दुसरं उत्तर हे. गंमत अशी की मधल्या काळात एअरफिक्सचे बरेच किट भारतातच तयार झाले. खोक्यावर ‘मेड इन इंडिया’, आणि माल चालला निर्यातीला.

आणि डाय जिथे कापली जाते तिथलीच गाडी किटमध्ये येते. वडापची जीप कुणी मोठी कंपनी काढणार नाही. त्यामुळे आपल्याकडे कस्टमायझिंग हौस म्हणून नाही, गरज म्हणून सुरू होतं. इटालेरी या कंपनीचा १:२४ विलीज, म्हणजे युद्धातल्या जीपचा किट, घ्यायचा आणि त्याची महिंद्रा करायची. महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी चं बॉनेट उंच होतं, कारण आतलं इंजिनच उंच होतं. म्हणजे बॉनेट चढवायचं, युद्धातल्या जीपच्या नऊ फटींच्या जाळीजागी सात फटींची करायची, आणि स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणायचं. जादा प्लास्टिक म्हणून जुन्या सीडीच्या डब्या चालतात, त्या पॉलिस्टायरिनच्याच असतात. किटची उरलेली चौकट मेणबत्तीवर तापवून ओढली की एरियलची तार होते. गॅरेजमधली पुट्टी आणि वॉटर पेपर उपयोगी पडतात, पण गॅरेजचा थिनर जपून. जाड हात दिला तर बॉडीच विरघळते.

खऱ्या मापातली ही खोड शेजारच्या सांगली जिल्ह्यानं दाखवलीच आहे. देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस ती देशभर पाहिली गेली, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली.

अलीकडे काहीजण संगणकावर भाग काढून रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात. प्रियाचा हेडलॅम्प, ८०० ची चाकं, कमांडरचं टप. पाच नग हवे असले तरी परवडतं, कारण डायच लागत नाही. सवय मात्र बदलावी लागते. मॉडेल चिकटवायचा पातळ द्रव, ज्याला सिमेंट म्हणतात, पॉलिस्टायरिन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. तिथे सांधा कोरडा घासून, नीट बसवून फेव्हिक्विकच लावावं लागतं.