ड्रिपचं गणित आणि समानार्थी शब्द

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात नर्सच्या नोकरीसाठी वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला गेलं की फाईल चाळून झाल्यावर मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, एक कोरा कागद पुढे सरकवतात. "500 एमएल आरएल सलाईन, चार तासांत द्यायचंय. सेट 20 थेंबांचा. मिनिटाला किती थेंब?" एका एमएलचे 20 थेंब, चार तासांची 240 मिनिटं, म्हणून 500 गुणिले 20, भागिले 240. साधारण 42. मोबाइल पर्समध्येच ठेवायचा. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची वर्षं काढलेल्या पोरीला हे यायलाच हवं, पण समोर कुणी घड्याळ बघत बसलं की येणारंही हुकतं. म्हणून तर विचारतात.

नोकरीच्या दारातच पेपर ही पद्धत तशी अलीकडची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली, तिथे उमेदवार मुलींचा दर महिन्याला तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि प्रत्यक्ष कामातला हात, असे रकाने. पारख व्हायची ती वॉर्डात, डोळ्यांसमोर.

आपल्याकडे पुढे नोंदणी हाच पुरावा झाला. 1947 चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आला, राज्याचा परिचारिका कायदा 1966 चा. नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर हातात असला की बाई नर्स, मग पुन्हा कसली परीक्षा? शिवाय निवडायला माणसं होतीच कुठे? 1946 च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा 43 हजार लोकांमागे एक नर्स पडत होती.

मराठवाड्यात तर सगळंच उशिरा. निजामाच्या राजवटीतून 1948 मध्ये सुटलेला हा भाग 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याच्या रुग्णालयाला आपण आजही घाटीच म्हणतो. अंबाजोगाईचं 'स्वाराती' वैद्यकीय महाविद्यालय 1974 चं, नांदेडचं 1988 चं, लातूरचं 2002 चं. प्रत्येक ठिकाणी परिचारिकांची पदं आली. सेवायोजन कार्यालयातून कॉल यायचा, मार्कांची यादी लागायची, मग मुलाखत. त्या मुलाखतीबद्दल जुन्या सिस्टर फार बोलत नाहीत. "कुणाची चिठ्ठी आणलीस?" एवढं एक वाक्य बोलून हसतात.

मग चित्र उलटलं. तालुक्याच्या गावांतही नर्सिंग स्कूलच्या पाट्या लागल्या. 2005 नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने कंत्राटी पदं आणली, ती बहुधा मार्क आणि अनुभवाच्या मेरिटवर. कायम पदाच्या एकेका जागेवर मात्र उड्या पडू लागल्या. गाळणी हवीच होती, आणि चिठ्ठीपेक्षा पेपर बरा, हे मलाही मान्य आहे.

पण गाळणीच फुटली. सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारं राज्याचं महापरीक्षा पोर्टल तक्रारींच्या ओझ्याखाली 2020 मध्ये बंद झालं. 2021 मध्ये आरोग्य विभागाची 25-26 सप्टेंबरची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, तोवर पोरी एसटीने परीक्षेच्या गावी पोचलेल्या. ऑक्टोबरमध्ये पेपर झाला, तो फुटला, अटका झाल्या, आणि पुढच्या वर्षी सगळं रद्द. त्यानंतर परीक्षा घेण्याचं काम टीसीएस ही कंपनी आणि आयबीपीएस ही संस्था यांच्याकडे गेलं. 2023 मध्ये आरोग्य विभागाच्या 10,949 पदांची जाहिरात निघाली, जिल्हा परिषदांचीही भरती त्याच वर्षी. खुल्या प्रवर्गाला फी 1000 रुपये.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या पेपरात 100 प्रश्न. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता प्रत्येकी 15, म्हणजे 60 गेले. एएनएम या तिच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला उरले 40. एम्सच्या नर्स भरतीची परीक्षा, नॉरसेट, तिची पूर्वपरीक्षा बघा. 2020 पासून ही सामाईक परीक्षा होते आणि 2023 पासून दोन टप्प्यांत. तिथे 100 पैकी 80 प्रश्न नर्सिंगचे, चुकलं तर एक तृतीयांश गुण कापतात. आखातात नर्स म्हणून जायचं तर प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बसा, तिथेही विचारतात ते रुग्णाबद्दलच. आमच्याकडे मात्र प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि 'कमळ'चा समानार्थी शब्द यांना गुण सारखेच.

माझी मावसबहीण जिल्ह्याच्या रुग्णालयात कंत्राटावर आहे. नाइट संपवून सकाळी आठला बाहेर पडते, टपरीवर चहा घेते आणि तशीच अभ्यासिकेत जाऊन बसते. पिशवीत दोन पुस्तकं, नर्सिंगच्या प्रश्नसंचाचं आणि मराठी व्याकरणाचं. व्याकरणाचं पार खिळखिळं झालंय, चिकटपट्टी लावून बांधलेलं. दुसरं अजून बऱ्यापैकी कोरं आहे. "ते रोज वॉर्डातच होतं की," ती म्हणते.