काउंट वाढला की लोड उतरला?

पावसाळ्यात ठाण्यात कुणाला ताप आला की पहिला प्रश्न ठरलेला: प्लेटलेट्स किती? डेंग्यूने लावलेली ही सवय एचआयव्हीच्या रिपोर्टलाही चिकटली आहे. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, बाकावर माणसं एकमेकांना हळूच विचारतात, "काउंट किती आला?" लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती, ते कुणी विचारत नाही. मी समुपदेशनाच्या टेबलामागे बसते, मला आधी लोडच बघायचा असतो.

गोंधळ साहजिक आहे. दोन्ही तपासण्यांचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत जातं, दोन्हींचे आकडे येतात, आणि एक आकडा चढायला हवा तर दुसरा उतरायला.

सीडी-४ काउंट म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तातल्या सीडी-४ पेशी. प्रतिकारशक्तीची सूत्रं या पांढऱ्या पेशींकडे असतात आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरून वाढतो. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की टीबी, न्यूमोनिया सहज गाठतात. त्या टप्प्याला एड्स म्हणतात. व्हायरल लोड मोजतो थेट विषाणूला: एक मिलिलीटर प्लाझ्मात त्याच्या किती प्रती आहेत ते. औषध सुरू नसेल तर हा आकडा लाखांतही जातो.

गच्चीची गळती आठवा. लोड म्हणजे गळती, काउंट म्हणजे भिंतीतली ओल. वॉटरप्रूफिंग केलं की पाणी थांबतं, पण भिंत वाळायला महिने लागतात. आणि गळती पुन्हा सुरू झाली, तरी भिंत काही दिवस कोरडीच दिसते.

एकाच सकाळी आलेली दोन माणसं सांगते (ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत). कळव्याचे रिक्षावाले काका तोंड पाडून बसले होते. "ताई, वर्ष झालं गोळ्या घेतोय, काउंट १८०च." उपचार सुरू झाले तेव्हा तो ४० होता, हे ते विसरले होते. लोडच्या रकान्यात होतं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत विषाणू सापडलाच नाही. गोळी चोख काम करत होती. काउंट अजून कमी म्हणून इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्झॅझोलची गोळी चालू आणि खोकला, ताप, वजन यांवर लक्ष. काउंटचा खरा उपयोग इथे. लोड असाच राहिला, तर लैंगिक संबंधातून बायकोला संसर्ग होत नाही, हे ऐकून ते पहिल्यांदा नीट टेकून बसले. विषाणू शरीरात दडून असतोच, त्यामुळे गोळी सुटत नाही आणि साधी एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्हच येत राहते.

दुसऱ्या होत्या कोपरीच्या एक वहिनी. काउंट ६४०, चेहरा खुललेला. लोड १४,०००.

काउंटला एवढा मान मिळाला त्याला इतिहास आहे. सरकारी एआरटी २००४ मध्ये मोफत सुरू झाली, पण तेव्हा काउंट ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय बहुतेकांना औषध मिळत नसे. २०१७ पासून काउंट कितीही असो, निदान झालं की उपचार. जुने पेशंट मात्र अजून त्याच आकड्यावर जीव टांगून असतात. साध्या सर्दीतापानेही तो खालीवर होतो, ही गंमत वेगळीच.

लोडची तपासणी उपचारानंतर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. १,००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी गोळ्या कुठे चुकतायत ते शोधायचं.

वहिनींचं लवकर सापडलं. नणंद महिनाभर राहायला आली होती, तिच्यासमोर बाटली काढायची चोरी. मग कधी दोन दिवस गेले, कधी आठवडा. आम्ही बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं आणि गोळीची वेळ रात्रीऐवजी दुपारची ठरवली, नणंद झोपलेली असते तेव्हाची. पुढचं रक्त तीन महिन्यांनी.